एका ताटाची पंगत

वजनकाट्याच्या लोखंडी पाट्यावर सुग्रीवनं दुसरा पाय ठेवला, तसा पाटा किंचित दबला आणि कण्हल्यासारखा आवाज झाला. रोज याच पाट्यावर कडब्याचे, उसाच्या वाढ्यांचे भारे येऊन पडत आणि तो समोर खुर्चीत बसून त्यांचं वजन मोठ्यानं सांगत असे. पण भारा पाट्यावर कसा दिसतो हे ठाऊक असणं वेगळं, आणि आपणच भारा होऊन पाट्यावर उभं राहणं वेगळं. दुपार टळटळीत होती. पालीच्या माळावर जनावरांची चारा छावणी निपचित पडली होती. हिरव्या जाळीच्या सावलीत जनावरं माना टाकून बसलेली, माणसं आपापल्या दावणीशी बाजेखाली आडवी झालेली. खाली बिंदुसरेचं धरण भेगाळून पडलं होतं आणि त्या भेगांवरून उठणारी झळ इथवर येत होती. अशी वेळ त्यानं मुद्दाम निवडली होती. डब्यातले तांबडे आकडे पळाले, मागे आले, पुन्हा पळाले आणि एकशे पासष्टावर थांबले. त्यानं श्वास सोडून पाहिला. आकडा हलला नाही. श्वासाला वजन नसतं हे त्याला या वयात कळावं, याचं त्याला हसू येणार होतं, तेवढ्यात कडब्याच्या गंजीमागून आवाज आला, "किती भरलं, सचिव?"

दगडाबाई होती. मेंढरं घेऊन नवरा लांब घाटाखाली उतरलेला, आणि ही एका गाईला घेऊन छावणीत राहिलेली म्हातारी. ती केव्हापासून तिथं उभी होती कुणास ठाऊक. सुग्रीवला पाट्यावरून एकदम उतरता येईना. उतरायचं म्हणजे आधी एका पायावर सगळं अंग तोलायचं, आणि ते त्याला कशाला तरी धरल्याशिवाय जमत नसे.

"एकशे पासष्ट," तो म्हणाला. खोटं सांगायचं सुचलंच नाही. आयुष्यभर त्यानं काट्यावरचा आकडा होता तसाच सांगितला होता.

म्हातारीनं बोटांवर हिशेब केला. छावणीत मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा किलो चारा मिळतो, हे तिथल्या लेकराबाळालाही पाठ होतं. "म्हंजी अकरा जनावराचा चारा हाय की तुमी," ती म्हणाली, आणि हात पुढे करून तिनं त्याला उतरायला खांदा दिला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला काय करायचं हे सुग्रीवला माहीत होतं: मान खाली घालून हसायचं. नुसत्या हिशेबाला काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

परवा बीडच्या दवाखान्यातला काटा दीडशेवर जाऊन अडला होता. औरंगाबादहून महिन्यातून एकदा येणारा सर्जन, पोरगेलासा, सभ्य. तो अवघडून म्हणाला होता, "काका, कुठं तरी मोठ्या काट्यावर वजन करून सांगाल का?" बाहेर बाकावरच्या बायका दार उघडं असल्यानं ऐकत होत्या. मोठा काटा. सुग्रीवला पहिल्यांदा जिनिंगचा काटा आठवला, जिथं कापसाची गाडी बैलांसकट चढते, आणि मग हा छावणीतला. आपल्या ओळखीचे सगळे काटे मालाचे आहेत, माणसाचा एकही नाही, असं काहीसं त्याच्या मनात येऊन गेलं होतं. सर्जननं कागदावर जठर काढून दाखवलं. एक तर जठराचा बराचसा भाग कापून काढायचा आणि केळ्यासारखी निमुळती नळी ठेवायची. नाही तर वर छोटीशी पिशवी करून आतड्याला परस्पर वळण द्यायचं. धरणाचा कालवा मध्येच फोडून दुसरीकडून नेतात तसं. साखर, रक्तदाब, झोपेत थांबणारा श्वास. डॉक्टर एकेक सांगत गेला आणि शेवटी म्हणाला, "फार दिवस लांबवू नका. आणि ठरवण्याआधी एकदा, ज्यांचं झालंय त्यांच्याशी बोला." त्यानं एक फोन नंबर दिला. तो नंबर शर्टाच्या खिशात घामानं भिजून वाळला होता, पुन्हा भिजला होता.

झोपेत थांबणारा श्वास. सुग्रीव आडवा झोपूनच आता वर्ष होत आलं होतं. खुर्चीत बसून, भिंतीला डोकं टेकून तो रात्र काढी. बाकीच्यांच्या बायका नवऱ्याच्या घोरण्यानं जाग्या होतात. मुक्ता घोरणं थांबलं की जागी व्हायची. ती काही बोलायची नाही, दंडावर दोन बोटं टेकवायची. तो दचकून हवा ओढायचा, आणि बुडणाऱ्याला काठ दिसावा तसं समोरचं दार दिसायचं. अशा वेळी कधी कधी वाटायचं, तिनं एखाद्या रात्री गाढ झोपावं. सकाळी उठल्यावर या विचाराची त्याला लाज वाटे, पण रात्री वाटत नसे. आणि सकाळ म्हणजे तरी काय? बीडला नळ यायचा तो पंधरा-वीस दिवसांनी, माणशी एक बादली असा घराचा कायदा होता. एका बादलीत सुग्रीवचं अर्धं अंग भिजे. तो एक दिवस कमरेच्या वरचं धुई आणि दुसऱ्या दिवशी खालचं. हे मुक्तालाही ठाऊक नव्हतं. पोटाच्या घडीखाली कातडी सोलवटून लाल व्हायची, तिथं पावडर टाकून तो बाहेर पडे. गावच्या चांभारानं दोन पट्टे जोडून त्याला एक करून दिलेला, त्याला बैलाच्या सरंजामाचं बक्कल होतं. हे सगळं घेऊन, अर्धी आंघोळ केलेला माणूस, छावणी चालवणाऱ्या दूध संस्थेचा सचिव म्हणून छावणीत जाऊन बसे, आणि समोरून बरगड्या मोजता येतील अशी जनावरं आणि त्यांच्यासारखीच माणसं जात.

त्यांच्या नजरा. बोलत कुणी नव्हतं, म्हणजे तोंडावर बोलत नव्हतं. छावणीतला राखणदार बंकट तेवढा बोले, आणि तो सगळ्यांच्या वतीनं बोले. "सचिव दुपारचं डोळं मिटून काय करतेत बे? रवंथ?" मग हशा. पाण्याच्या टाकीवर कुणीतरी कोळशानं लिहिलं होतं, सचिवानं छावणी खाल्ली. सुग्रीवनं आयुष्यात संस्थेचं दूध घोटभर चहालासुद्धा फुकट घेतलं नव्हतं. पण ते कोण खरं मानणार? दुष्काळात जाड असणं म्हणजेच गुन्हा. पुरावा तो अंगावर घेऊन फिरत होता. उलट मोहनरावांकडे बघा. तालुक्याच्या दूध संघाचे चेअरमन. दोन वर्षांमागं ते आणि सुग्रीव जीपमध्ये शेजारी बसले तर तिसऱ्याला दार लावता येत नसे. आता चेअरमन शिडशिडीत झाले होते, झब्बा खांद्यावरून लोंबत होता. गालफडं बसली होती. छावणीच्या उद्घाटनाला ते म्हणाले होते, "माझा शेतकरी अर्धपोटी झोपत असताना माझ्या नरड्याखाली घास उतरत नाही. मी एक वेळचं जेवण सोडलंय." बायाबापड्यांनी पदर डोळ्यांना लावला होता. घरी जाऊन सुग्रीवनंही एक वेळचं जेवण सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी, कुणी नसताना, तो स्वयंपाकघरात उभ्यानं पातेल्यातला भात मुठीनं खात होता आणि रडत होता. तो भात पोटात कुठं जाऊन पडला तेसुद्धा कळलं नव्हतं.

भूक नव्हती ती. मग काय होतं? याचा विचार करताना तो नेहमी एकाच जागी येऊन पोचे. बहात्तर साल, तो शाळेत जायला नुकताच लागलेला, आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. शाळेत दुष्काळाची सरकारी सुकडी मिळे, पिवळसर, गोडूस, टाळ्याला चिकटणारी. ती तो घरी आणी. आई ती पितळीत ओती, त्याला खाऊ घाली, आणि शेवटी पितळीच्या कडेनं बोट फिरवून ते त्याच्या तोंडात घाली. खडीनं फुटलेलं, खरखरीत, रक्ताची खारट चव असलेलं बोट. "ताट चकाकलं पायजे," ती म्हणे. आई जाऊन किती वर्षं झाली, पण ताट चकाकवायचं राहिलं नव्हतं. स्वतःचं झालं की मुलीचं, मग मुक्ताचं. उरलेली अर्धी भाकरी, वाटीच्या तळाशी वरण. घरात कुणी काही टाकत नसे, कारण शेवटी सुग्रीव होता. आणि आता कापून टाकायचं ते नेमकं काय, असं तो स्वतःला विचारी. जे आईनं बोटानं भरलं, ते? डॉक्टर म्हणाला होता, "पुढं ताटात अन्न टाकावं लागेल, काका, सवय करा." किती सहज म्हणाला होता. जणू चप्पल बाहेर काढा म्हणावं.

मुक्ताला त्यानं सांगितलं तेव्हा ती गव्हातले खडे वेचत होती. तिनं मान वर केली नाही. "करा," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "पण लोकांला काय सांगायचं? दुष्काळात मान्सं अन्नाला मोताद झालीत, आन् तुमी अन्न कमी खाता यावं म्हनून पोट कापून घ्यायलेत?" पुन्हा खडे वेचले. "पित्ताशयात खडा हाय म्हनून सांगू." तिच्या बोटांत खरोखरच एक खडा होता. सुग्रीवला वाटलं, ही माझ्या बाजूनंच बोलतेय. तरीही त्याला एकदम फार एकटं वाटलं.

नंबर लावायचं त्यानं ठरवलं ते दगडाबाईच्या गाईमुळे. मैना तिचं नाव. दोन दिवस तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं, रवंथ बंद. चारा मिळायच्या आधी उकिरड्यावर जे दिसलं ते तिनं खाल्लं होतं. जनावरांचे डॉक्टर आले, डाव्या कुशीवरचे केस काढले, सुई टोचली आणि उभ्या गाईची कूस चिरली. सुग्रीवला बघायचं नव्हतं, पण संस्थेच्या वतीनं हजर राहायला हवं होतं. डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि बाहेर येऊ लागल्या प्लास्टिकच्या पिशव्या. काळ्या, निळ्या, एकमेकींत पिळलेल्या, मग सुतळी, मग चपलेचा अंगठा. माणसं जमून बघत होती, कुणी नाक धरून. पण सुग्रीवचं लक्ष कुशीकडे राहिलंच नाही. पुढे दगडाबाई उभी होती. गाईच्या कपाळाला कपाळ लावून, दोन्ही शिंगं धरून ती हळू बोलत होती, "हां... हां... झालं माय... झालंच की..." डॉक्टर म्हणाले, "मावशी, बाजूला व्हा, शिंग लागेल."

"मी बाजूला झाले तर ती खाली बसंल, सायेब. डोक्याशी कुणीतरी लागतंच."

गाय उभी राहिली. तिच्या पोटाला भगदाड होतं आणि ती उभी होती. तिचे डोळे दगडाबाईच्या डोळ्यांत होते. सुग्रीव तिथून निघून गंजीच्या मागं गेला. खिशातला कागद काढून त्यानं नंबर लावला.

फोनवर बाईचा आवाज होता. वडवणीच्या छबुबाई, साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या. मागं शिवणयंत्राची घरघर ऐकू येत होती. त्यानं नाव सांगितलं, डॉक्टरांनी नंबर दिला म्हणाला. यंत्र थांबलं.

"दादा, एक इचारू? जेवताना कुनी बघितलेलं चालतं का तुमाला?"

त्याला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. पन्नास वर्षांत नाही. डॉक्टरनं नाही, मुक्तानं नाही, त्यानं स्वतःलाही नाही. "न्हाई," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांपुढे मुठीतला भात आला.

"मग या. आमाला बी चालत नव्हतं. मंगळवारी मांजरसुंब्याला, राधाकिसनच्या ढाब्यावर, मागच्या खोलीत. तिथं समद्या बाजूच्या गाड्या थांबतेत."

मंगळवारी एसटीतून उतरताना त्याला चार वेळा परत फिरावंसं वाटलं. ढाब्याच्या पुढं ट्रक उभे होते, तर्रीचा वास सुटला होता, आणि त्या वासानं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याची त्याला नेहमीसारखी शरम वाटली. मागच्या खोलीत एक पत्र्याचं टेबल, त्यावर एकच ताट. दोन भाकरी, शेवभाजी, दही, कांदा. आणि त्या एका ताटाभोवती तीन माणसं. छबुबाई बारकी, हसरी, केस विरळ झालेली. ढाब्याचा मालक राधाकिसन, धिप्पाड हाडाचा, पण कातडी रिकाम्या पोत्यासारखी दंडावर लोंबणारी. आणि तिसरे, दाराकडे पाठ करून बसलेले, त्यांनी वळून पाहिलं आणि त्यांचा हातातला चमचा तसाच राहिला. मोहनराव. चेअरमन.

मग राधाकिसन फिसकन हसला. "घ्या! सायबाचा उपास सुटला आज."

"सचिव," मोहनराव म्हणाले. आवाज सभेतला नव्हता. "तुम्ही मला इथं बघितलेलं नाही."

सुग्रीवनं मान हलवली. त्याला राग यायला हवा होता. ते भाषण, ते पदर, त्याचे स्वतःचे ते तीन दिवस. पण राग आला नाही. आली ती विचित्र दया, आणि तिच्या तळाशी थोडासा आनंदही, ज्याची पुन्हा लाज. तो बसला. बाक लोखंडी होतं. हे त्यानं बसण्याआधी पाहिलं हे बाकीच्या तिघांनी पाहिलं, आणि तिघांनाही कळलं. असं कधीच कुठं घडलं नव्हतं, की खुर्ची चाचपून बघितली आणि बघणाऱ्यांपैकी कुणाला हसू आलं नाही.

मग ते बोलत राहिले, मध्ये मध्ये एखादा चिमटाभर घास घेत, बराच वेळ चावत. छबुबाईनं सांगितलं की पहिले महिने केस मुठीनं गळाले आणि ती रोज रडली. राधाकिसन म्हणाला, "मी दिवसभर दुसऱ्याला वाढतोय. लोक म्हनतेत वासानंच पोट भरत आसंल. कशाचं ओ! भूक पोटात न्हवती सचिव, डोस्क्यात हुती. ती कापायला डागदर न्हाई. पोट कापल्यावर ती दारात येऊन बसती, जागा न्हाई म्हनून परत जाती. एवढंच." एक घास जास्त झाला तर काय होतं तेही त्यानं सांगितलं: छातीत खिळा मारल्यागत कळ, घाम, मग उलटी. "घाईनं खाल्लं की शिक्षा." मोहनराव काही सांगत नव्हते. ताटाच्या कडेला नखानं रेघ ओढत ते ऐकत होते. मध्येच एवढंच म्हणाले, "घरी मी जेवतच नाही. मुलगा समोर असला की भरलं ताट सारून कुणाचं तरी रिकामं पुढं ठेवतो." आणि पुन्हा रेघ ओढू लागले.

तिघांचं पोट भरलं. ताटात एक भाकरी, निम्मी भाजी तशीच होती. सुग्रीव बोलण्यात गुंगला होता आणि त्याचा हात त्याच्या नकळत पुढं गेला. भाकरी मोडून त्यानं भाजी पुसून घ्यायला सुरुवात केली, बोट कडेनं फिरायला लागलं. छबुबाईनं त्याचं मनगट धरलं. तिचा हात लहान होता, मनगटाच्या अर्ध्यावरच पोचत होता.

"ऱ्हाऊ द्या, दादा."

"वाया जाईल," तो म्हणाला.

"ते शेळीला जाईल. तुमी का शेळी हाव?"

राधाकिसन हसला, मोहनरावही हसले. पण सुग्रीवला ताटावरून नजर काढता येईना. कडेला लागलेली तर्री वाळायला लागली होती. ते न चकाकलेलं ताट त्याला एखाद्या उघड्या माणसासारखं दिसू लागलं. त्याच्या घशातून एक आवाज निघाला, हुंदका म्हणावा तर तसा नाही, आणि तिघंही त्याला तो काढू देत बसून राहिले. मनगट तिनं सोडलं नाही.

निघताना छबुबाई म्हणाली, "आमचा एक नेम हाय. नव्या मान्साला आत नेईस्तवर, आन् भाईर आणल्यावर, आमच्यातलं एक जन उशाला ऱ्हातं. माझ्या टायमाला राधाकिसन हुता. सायबाच्या टायमाला मी. या खेपंला पाळी सायबाची."

मोहनरावांनी चष्मा पुसायला घेतला. "औरंगाबादला? तिथं बीडची निम्मी माणसं असतात. मला कुणी बघितलं तर..." आणि सुग्रीवकडे न बघता, "सचिव, तुम्ही समजून घ्याल. मी फोन करीन." मागच्या दारानं ते गेले. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. परतीच्या गाडीत सुग्रीवच्या मनात सारखं येत होतं, की हा माणूस बारीक झाला, पण त्याला अजून बाक चाचपून बसावं लागतंय. आणि आपणही पित्ताशयाचा खडा सांगितला तर जन्मभर मागच्या दारानं जावं लागेल. पण खरं सांगायचं तरी कुणाला आणि कसं? बाहेर उघडा माळ पळत होता, कुठं हिरवं म्हणून नाही. त्यानं डोळे मिटले, तर श्वास अडकला, म्हणून परत उघडले.

ऑपरेशनची तारीख ठरली. तिच्या आदल्या आठवड्यात मोहनरावांचा वाढदिवस आला आणि छावणीत अन्नदान झालं. पुरी, बुंदी, वरण-भात. पंगती माळावर बसल्या. मोहनराव नेहमीप्रमाणे हातात बुंदीची बादली घेऊन वाढायला निघाले आणि लोक हळहळले, बघा, स्वतः उपाशी राहून वाढतोय. ते कमरेत वाकून वाढतात ते का, हे सुग्रीवला आता कळत होतं: वाढणाऱ्याला जेवावं लागत नाही. पण बंकटनं बादली हातातून काढून घेतली. "सायेब, आज तुमचा दिवस. आज बसावंच लागंल. लोकं उठायची न्हाईत न्हाईतर." मोहनराव हसले, नको म्हणाले, पुन्हा नको म्हणाले. शेवटी त्यांना बसवलं, सुग्रीवच्या शेजारी, आणि समोरून माणसं बघायला लागली. एका बाजूला सुकलेला चेअरमन आणि एका बाजूला सुटलेला सचिव. सुग्रीवच्या पत्रावळीत बंकटनं डोंगर रचला होता. "हाणा सचिव. लाजू नगा. चारा आपलाच हाय."

सुग्रीवनं हळूहळू चावायला सुरुवात केली, त्या खोलीत पाहिलं होतं तसं. निम्मं झालं आणि त्यानं हात थांबवला. ही साधी गोष्ट, हात थांबवणं, आणि त्याला वाटत होतं सगळा माळ थांबलाय. समोरच्या ओळीतून दगडाबाईनं विचारलं, "कावून टाकलं, सचिव? बरं न्हाई का?"

पित्ताशयात खडा, तो म्हणणार होता. शब्द तयार होते. पण ज्या बाईनं त्याला काट्यावरून उतरायला खांदा दिला तिला खोटा आकडा कसा सांगायचा? "मावशी," तो म्हणाला, आणि आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, "पुढल्या हप्त्यात माझं पोट कापणार हायेत. औरंगाबादला. खानं कमी व्हावं म्हनून. न्हाईतर मी जगत न्हाई."

मग बंकट, "आयला! किती चारा वाचंल!" आणि हसं फुटलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुग्रीव त्या हशात बसून राहिला. तो संपायची वाट बघायची, एवढंच होतं. दगडाबाई हसली नाही. तिनं पुरी खाली ठेवली.

"डोक्याशी कोन हाय?"

सुग्रीवनं शेजारी पाहिलं नाही. पाहायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. पण त्याला ऐकू येत होतं. मोहनराव खायला लागले होते. आतापर्यंत नुसते घास चिवडत होते, ते आता भराभर पुरीचे तुकडे तोंडात घालत होते. बुंदी, वरण, पुन्हा पुरी, जणू काही तोंड रिकामं राहिलं तर त्यातून दुसरंच काही बाहेर पडेल. लोकांना बरं वाटलं. "जेवले बाबा सायेब," कुणीतरी म्हणालं. दगडाबाई अजून उत्तराची वाट बघत होती. "बघू, मावशी," सुग्रीव म्हणाला, "मिळंल कुणीतरी," आणि तेव्हा शेजारून अगदी हलका आवाज आला.

"सचिव. कळ येतीय. आडोसा करा."

मोहनरावांचा चेहरा राखेसारखा झाला होता, कानशिलांवरून घाम ओघळत होता. सुग्रीव उठला. उठायला त्याला वेळ लागला, जमिनीला दोन्ही हात टेकावे लागले, पण तो उठला आणि मोहनरावांच्या आणि माळाच्या मध्ये उभा राहिला. असे चालत ते दोघं गंजीमागं गेले, पुढं एक आणि मागं भिंत. गंजीआड मोहनराव वाकले. सुग्रीवनं एका हातानं त्यांची पाठ धरली आणि दुसरा हात कपाळाला लावला. थंड, ओलं कपाळ त्याच्या तळहातात आलं, सगळ्या डोक्याचा भार घेऊन. माणसाचं डोकं इतकं जड असतं हे त्याला माहीत नव्हतं. "हां... हां..." त्याच्या तोंडून निघालं, "झालं... झालंच की..."

पलीकडून बंकट ओरडला, "सचिव, तिकडं कुठं? वैरन खायला गेलात का बे?"

ओकारीचा आवाज यायच्या बेतात होता. सुग्रीवनं मान वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा उलट ओरडला, "व्हय बे! खायलोय! तू जेव गुमान!"

माळ हसला. खदखदून, लांबवर, जनावरांच्या घंटांसकट, आणि त्या हशाखाली मोहनराव मोकळे झाले. बराच वेळ ते तसेच वाकून होते. सुग्रीवच्या रुंद पाठीवर ऊन भाजत होतं, श्वास पुरत नव्हता. पण तो हलला नाही. पाठीमागं कुणाला काहीही दिसत नव्हतं.

"तारीख कुठली म्हणालात?" मोहनरावांनी वर न बघता विचारलं.

सुग्रीवनं लगेच सांगितली नाही. कपाळ अजून त्याच्या हातात होतं.